बहादूरचे वय वाढू द्या

वाचनाची गोडी लागण्याच्या वयात जे नायक आपल्याला भेटतात, त्यांचे पुढे काय होते हा प्रश्न आपण सहसा विचारीत नाही. आपण मोठे होतो, संसारात पडतो. ते मात्र पिवळ्या पडलेल्या पानांत आहेत त्याच वयाचे राहतात. असाच एक विस्मृतीत गेलेला नायक म्हणजे इंद्रजाल कॉमिक्समधील बहादूर. त्याला पुन्हा उभे करावे असे मला मनापासून वाटते. परंतु ते कसे करावे, याविषयी माझे काही आग्रह आहेत. तेच आज वाचकांपुढे ठेवीत आहे.

नव्या पिढीसाठी थोडी ओळख करून देणे अगत्याचे आहे. टाइम्स ऑफ इंडिया समूहाने मुंबईहून मार्च १९६४ मध्ये इंद्रजाल कॉमिक्स सुरू केले. इंग्रजीप्रमाणेच हिंदी, मराठी आदी भाषांतही ते निघे. त्यात ली फॉक यांचे वेताळ आणि जादूगार मँड्रेक हे परदेशी नायक प्रामुख्याने असत. डिसेंबर १९७६ मध्ये त्यांच्या पंक्तीत एक देशी तरुण येऊन बसला. लेखक होते आबिद सुरती आणि चित्रकार गोविंद ब्राह्मणिया. बहादूरला मुखवटा नव्हता, कसली सिद्धी नव्हती. अंगात भगवा कुर्ता, खाली जीन्सची पँट, एवढाच त्याचा वेष.

त्याची जन्मकथा मात्र साधी नव्हती. त्याचा बाप भैरवसिंग हा दरोडेखोर. तो पोलिसांच्या हातून मारला जातो आणि विशाल नावाचा पोलीस अधिकारी त्या पोरक्या मुलाचा सांभाळ करतो. मुलाच्या मनात सूड धुमसत असतो. पुढे बापाचे खरे रूप त्याला उमगते. सूड सोडून देऊन तो जयगढच्या सामान्य माणसांचे नागरिक सुरक्षा दल उभारतो. चंबळच्या डाकूंनी जयप्रकाश नारायण यांच्यापुढे शस्त्रे ठेवली ती १९७२ साली. त्या घटनेला तेव्हा जेमतेम चार वर्षे झाली होती. दरोडेखोराच्या मुलाने पुढे काय व्हावे, हा त्या काळी केवळ कल्पनेतला प्रश्न नव्हता.

आमच्या टेंभुर्णीला हे अंक कुर्डुवाडी जंक्शनवरून येत. कोणी नातलग तिकडे गेला की त्याच्या पिशवीतून एखादा अंक एस.टी.ने गावात उतरे आणि दहा घरे फिरून, कव्हर गमावून, मूळ मालकाकडे परत जाई. आमच्या वर्गात गावाबाहेरच्या वस्तीवरचा एक मुलगा होता. पंचक्रोशीत कोठेही चोरी झाली की प्रथम त्याच्या वडिलांना उचलून नेत. सोलापूर जिल्ह्याला हे दुःख जुनेच. ब्रिटिशांनी १८७१ पासून केलेल्या कायद्यांनी कित्येक जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरविले होते, आणि सोलापुरात त्यांच्यासाठी तारेच्या कुंपणाची सेटलमेंट होती. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी त्या जमाती विमुक्त झाल्या. परंतु गावाच्या नजरेचे कुंपण काही त्या दिवशी निघाले नाही.

त्या मुलाने बहादूरचा अंक हाती घेतला आणि ओळींवर बोट ठेवून तो सबंध वाचून काढला. मग त्याने मला विचारले, “ह्याचा बाप दरोडेखोर हुता, आन् तरी गावानं ह्यालाच म्होरक्या केला?” मी म्हटले, “व्हय.” त्यावर तो काही बोलला नाही. अंक मागून घरी घेऊन गेला आणि चार दिवसांनी, नीट घडी घालून, परत आणून दिला.

१९९० साली इंद्रजाल बंद झाले आणि त्याबरोबर बहादूरही दिसेनासा झाला. आज कोणी त्याला परत आणायचे ठरविले, तर पहिला मोह होईल तो पाटी पुसून टाकण्याचा. अमेरिकेत यालाच रीबूट म्हणतात. तेथील डीसी या प्रकाशनसंस्थेने १९८५-८६ मध्ये एकदा आपल्या नायकांचा इतिहास पुसून नव्याने मांडला. पुढे २०११ साली ५२ मालिका पुन्हा पहिल्या अंकापासून सुरू केल्या. परंतु वाचकांची जुनी नाती अशी तुटत नाहीत. २०१६ साली त्याच संस्थेला पुसलेल्या इतिहासातले बरेच काही परत आणावे लागले. बहादूरच्या बाबतीत तर पाटी पुसणे हा अन्यायच ठरेल. नवा लेखक त्याला शहरी करील, हाती संगणक देईल. त्यास माझी हरकत नाही. पण वाचकांना रुचावे म्हणून तो भैरवसिंगाला वगळील किंवा खोट्या आरोपात सापडलेला निरपराध माणूस करील, याचे मला भय वाटते. बापावर खरोखरच डाग होता आणि मुलगा तरीही ताठ उभा राहिला, हेच तर त्या वस्तीवरच्या मुलाने चार दिवस उराशी धरले होते.

मग जुने न पुसता नवे कसे लिहावे? याची एक वाट वेताळाने दाखविली आहे. १९३६ साली जन्मलेला हा नायक त्या वंशातला एकविसावा. बापाचा वारसा मुलाकडे जातो, म्हणून कथा संपत नाही आणि मागचे पुसावेही लागत नाही. इंद्रजालने त्याला इकडे आणताना बंगालशी घोटाळा होऊ नये म्हणून त्याच्या देशाचे नाव डेंकाली केले. शपथ आणि अंगठी मात्र तशीच ठेवली. वरवरचे बदलावे, गाभा राखावा, याचा हा चांगला धडा आहे. दुसरी वाट आपल्या फास्टर फेणेची. २०१७ च्या चित्रपटात भा. रा. भागवतांचा हा फुरसुंगीचा पोर आजच्या पुण्यात वैद्यकीय प्रवेशपरीक्षेला आलेला दाखविला आहे. काळ बदलला; पण त्याच्या शेजारी खुद्द भागवतांनाच पात्र म्हणून बसविले आणि मुळाशी नाते राखले.

बहादूरसाठी मला तिसरी वाट योग्य वाटते. त्याचे वय वाढू द्यावे. १९७६ साली विशीत असलेला तो तरुण आज सत्तरीच्या घरात असेल. केस पिकलेले, गुडघे कुरकुरणारे, सुरक्षा दलातले अर्धे सोबती निवर्तलेले. दरोडेखोर आता घोड्यावरून येत नाहीत. आमच्या भीमेच्या पात्रातली वाळू रात्रीतून उपसली जाते आणि म्हाताऱ्यांची जन्माची पुंजी एका फोनवर लुटली जाते. अशा वेळी बहादूर ज्याला पकडून देतो, त्या गुन्हेगाराचा लहान मुलगा मागे उरतो. आता हा वृद्ध काय करील? विशालने जे केले तेच. त्या मुलाला घरी आणील, त्याच्या डोळ्यांतला सूड ओळखील, आणि स्वतःची गोष्ट त्याला सांगेल. म्हणजे पहिला अंक पुसला जाणार नाही. उलट तो या वेळी अधिक कळेल.

याला एक आधार खुद्द लेखकाच्या आयुष्यातच आहे. आबिद सुरती यांनी सत्तरी ओलांडल्यावर, २००७ साली, मुंबईजवळच्या मीरा रोड येथे एक उपक्रम सुरू केला. रविवारी एका प्लंबरला घेऊन ते घरोघर जात आणि गळणारे नळ फुकट दुरुस्त करून देत. नागरिक सुरक्षा दलाची कल्पना ज्याने लिहिली, त्याने म्हातारपणी ती स्वतःच्या हातांनी करून दाखविली. म्हातारा नायक कंटाळवाणा होईल असे म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

अर्थात नवी कथा लिहिण्यापूर्वी जुने अंक मराठीत पुन्हा छापले जावेत आणि ब्राह्मणियांची रेषा नव्या चित्रकारांनी नीट अभ्यासावी. तोवर आपल्या हाती एक साधे काम आहे. घरच्या माळ्यावर, जुन्या ट्रंकेत बहादूरचा एखादा अंक पडून असेल तर तो खाली काढावा आणि मुला-नातवंडांबरोबर बसून वाचावा. वाचताना भैरवसिंगाचे पान मात्र गाळू नये. ऐकणाऱ्या मुलांपैकी कोणाला त्याची गरज आहे, हे आपल्याला ठाऊक नसते.