वाढत्या अंगाचं

हिंगोलीतल्या एका शिवणवर्गाच्या भिंतीवर टाचलेला खाकी कागद पाहून मी थबकले. लहान मुलांच्या शर्टाच्या पुढच्या भागाचा तो फर्मा होता, पण एकाच कागदावर सहा मापांचा, एकात एक काढलेला. गळ्याजवळ रेषांची इतकी दाटी की मध्ये पेन्सिलीचं टोक मावू नये. मुंढ्याखाली आणि घेराकडे त्याच रेषा एकमेकींपासून सुटून लांब पांगलेल्या. डोंगराच्या नकाशावर उंचीच्या रेषा असतात, तशा.

सदरा चारी बाजूंनी सारखा वाढवला तर गळा खांद्यावरून घसरतो. म्हणून प्रत्येक जागेला वेगळी वाढ. छाती दोन इंचांनी वाढली की पुढच्या एका पल्ल्यात अर्धाच इंच पडतो, कारण घेराचे चार वाटे होतात. सबंध तीऱ्याला, म्हणजे खांद्यांच्या रुंदीला, अर्धा इंच, गळ्याच्या रुंदीला जेमतेम एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग. शिकवणाऱ्यागणिक आकडे थोडे हलतात, पण छातीला सढळ आणि गळ्याला हात राखून, हे कुठेच बदलत नाही. जन्मलेल्या बाळाचं डोकं त्याच्या उंचीच्या चौथाईएवढं असतं, मोठ्या माणसाचं साधारण साडेसातव्या हिश्श्याएवढं. पाय पुढे पळतात, डोकं मागे राहतं, आणि मान डोक्याच्या बाजूनं असते.

आमच्या गावच्या शिंप्याकडे कागद नव्हता. जून तोंडावर आला की तो ओसरीवर मशीन मांडायचा, आणि घरोघरची पोरं रांगेनं उभी राहायची. आम्हा भावंडांत टेप लागायची ती फक्त थोरल्याला. बाकीच्यांच्या पाठीवरून तो नुसता हात फिरवायचा, खांद्याच्या हाडावर बोट टेकवायचा, आणि आईला म्हणायचा, “वहिनी, वाढत्या अंगाचं ठेवू ना?” आई म्हणायची, “ठेवा की. दोन वर्षं गेली पायजेत.” मग थोरल्याचं आधी बेतायचं, त्यातून उरलेल्या कापडात मधल्याचं, आणि धाकट्याच्या वाट्याला जोड. जोड कुठे द्यायचा यात त्याचं खरं कसब होतं. काखेखाली, जिथं कुणाची नजर जात नाही तिथं.

माझ्या निळ्या स्कर्टला आत हातभर वाटावी अशी दुमड असायची. पहिल्या वर्षी स्कर्ट पोटऱ्यांवर आपटायचा, कमरेला दोनदा वळवावा लागायचा. दिवाळीनंतर तो अंगाला बसायचा. पुढच्या जूनमध्ये आई ब्लेडनं टाके उसवायची, ओल्या फडक्यानं घडी दाबायची आणि तांब्यात निखारे घालून इस्त्री करायची. घडी मोडायची, पण रंग लपायचा नाही. वर वर्षभर उन्हात विटलेला निळा, खाली दुमडीत राहिलेला गडद निळा, आणि मध्ये धुऊन पांढरी पडलेली रेघ. त्या पट्ट्याची रुंदी म्हणजे मी गेल्या वर्षात किती वाढले ते. वर्गातल्या जवळजवळ सगळ्या मुलींच्या स्कर्टला तसा पट्टा असायचा. कुणाचा बोटभर, कुणाचा वीतभर. एकीच्या स्कर्टला दोन पट्टे होते, कारण तो आधी तिच्या बहिणीचा होता. बाईंना हजेरी न घेता कळलं असतं, कोण झपाट्यानं उंच होतंय आणि कुणाचं जेवणाकडे लक्ष द्यायला हवं. मला ते कपडे आजच्या बेतशुद्ध कपड्यांपेक्षा सुंदर वाटतात. त्यांत मुलाच्या उद्यासाठी जागा ठेवलेली असायची.

मुलांच्या वाढत्या मापांची अडचण सगळीकडे एकच. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या स्टर्लिंग गावी एबनेझर बटरिक नावाचा शिंपी होता. घरी विकतचे फर्मे यायचे ते एकाच मापाचे, आणि मुलासाठी ते लहान-मोठे करताना त्याची बायको एलेन वैतागली, असं सांगतात. 1863 मध्ये त्यानं मापवार कागदी फर्मे विकायला काढले.

2024-25 मध्ये आपल्या महाराष्ट्रात शाळांसाठी ‘एक राज्य एक गणवेश’ आलं. कापडाची खरेदी एका जागी, शिलाई बचत गटांकडे. गणवेश उशिरा पोचले, कुणाला आखूड, कुणाला ढगळ, अशा तक्रारी राज्यभरातून झाल्या, आणि डिसेंबर 2024 मध्ये ते काम पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे आलं. बचत गटातल्या बायकांच्या हातांत दोष नव्हता. ज्या पोराला घालायचं त्याच्या पाठीवरून कुणाचा हातच फिरला नव्हता.

भारतीय अंगाचा स्वतःचा मापतक्ता हवा म्हणून निफ्ट या फॅशन तंत्रज्ञानाच्या संस्थेनं सहा शहरांत स्कॅनर लावून सुमारे 25,000 माणसं मोजायचं काम हाती घेतलं. महाराष्ट्रातून मुंबई. वय 15 ते 65. म्हणजे हिंगोली जिल्ह्यातल्या सेनगाव-कळमनुरीची पोरं गावानं आणि वयानं, दोन्ही अर्थांनी त्या टेपच्या बाहेर. आणि याच जिल्ह्यात, औंढा नागनाथजवळ, चार-चार किलोमीटर लांब भुजांची, गुरुत्वीय लहरी टिपणारी लायगो वेधशाळा व्हायची आहे. भुजांच्या लांबीतला प्रोटॉनच्या व्यासाच्या हजारांशाहूनही लहान फरक ती टिपणार. अशा मुलखातल्या शाळांमध्ये दर जूनला कुणी साधी टेप घेऊन बसावं, एवढी माझी मागणी आहे.

औंढ्यापासून नर्सी फार लांब नाही. कयाधूकाठचं हे गाव परंपरेनं नामदेवांचं जन्मगाव, साल 1270, घराणं शिंप्याचं. गुरु ग्रंथसाहिबात त्यांची 61 पदं आहेत, आणि त्यांतल्या एकात गज आणि कात्रीही येते. त्यांच्या वडिलांच्या, दामाशेटींच्या घरी काय शिवत असतील, याचा मी पुष्कळदा विचार करते. धोतराला माप नसतं, लुगड्यालाही नसतं. नेसणारी निऱ्या कमी-जास्त करून ते स्वतःच्या अंगाला लावून घेते. माप लागतं ते चोळीला. आजीच्या चोळ्या खणाच्या, हातानं शिवलेल्या, पुढे गाठीच्या. दिवस गेले की गाठ सैल बांधायची, आजारात अंग उतरलं की घट्ट. बाळ अंगावर पितं तेव्हाही तीच चोळी, आणि सुना आल्यावर जुनी झाली की तिचीच टोपडी व्हायची.