धुवायचं पाणी

चित्रकलेच्या तासाला रंगांपेक्षा जास्त लागतं ते पाणी. ए.टी.डी. करताना स्थिरचित्र, संकल्पचित्र, अक्षरलेखन सगळं घोटून घेतलं होतं. पाण्याबद्दल कुणी चकार शब्द काढला नव्हता. सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही. तिथल्या एका शाळेत मी लागले. नेमणूक माध्यमिकची, पण प्राथमिकचे तासही माझ्याच गळ्यात. तिसरीचा वर्ग, 52 पोरं, 35 मिनिटांचा तास आणि नळ एकच, तोही मैदानाच्या पलीकडे. पहिल्या दिवशी पाणी आणायला पाठवलेली पोरं घंटा व्हायच्या जरा आधी परत आली, ओल्या शर्टांनी. दुसऱ्या आठवड्यात उतरत्या बाकावरून काचेचा ग्लास घसरला आणि निळं पाणी वर्गशिक्षिकाबाईंच्या टेबलाखाली ठेवलेल्या चाचणीच्या पेपरांत गेलं. तपासलेल्या पेपरांत. बाई मला काही बोलल्या नाहीत. पुढचे आठ दिवस काहीच बोलल्या नाहीत.

मग मी मोठ्या सरांकडे खोली मागितली. मिळाली ती अडगळीची. अर्ध्या खोलीत पोषण आहाराच्या तांदळाची पोती, उरलेल्यात मोडके बाक. पोत्यांमुळे उंदीर होते, आणि उंदरांना मेणाचे खडू आवडतात हे तिथे समजलं. कुरतडलेल्या खडूंचा सडा पडलेला असायचा. मग खडू झाकणाच्या पत्र्याच्या डब्यांत गेले. बाक मी बाहेर काढायला लावले. शिपाईमामांनी रिकामी पोती उसवून जमिनीवर अंथरली आणि पोरं खाली बसली. खाली बसल्यावर पाणी सांडलं तरी ते फार लांब जात नाही, एवढा साधा विचार होता.

भांडी म्हणून श्रीखंडाचे डबे मागवले. बूड रुंद, सहजी लवंडत नाहीत. सहा पोरांत दोन डबे: एक धुवायच्या पाण्याचा, एक रंगाच्या पाण्याचा. ब्रश आधी पहिल्यात खळबळायचा, चिंधीला टिपायचा, मगच दुसऱ्यात बुडवायचा. असं केलं नाही तर रंगपेटीतला पिवळा सगळ्यात आधी मरतो. कुणाचीही जुनी पेटी उघडून बघा, पिवळ्या वडीवर काळपट हिरवी साय धरलेली असते. चिंध्यांची ददात मात्र कधी पडली नाही. एका मुलीचे वडील टॉवेलच्या कारखान्यात होते, ती पिशवीभर कातरण आणायची. ब्रश टिपायला सोलापुरी टॉवेलच्या तुकड्यासारखं दुसरं काही नाही.

कात्र्या हरवायच्या, त्यावर उपाय पोरांनीच काढला. पुठ्ठ्यावर प्रत्येक कात्री ठेवून तिची बाह्यरेषा आखली आणि खिळ्याला कात्री टांगली. तास संपला की रिकामी आकृती लगेच डोळ्यांत भरते. मग 52 पोरं मिळून एका कात्रीचा शोध घेतात. त्या शोधात जी शिस्त दिसते ती प्रार्थनेलाही दिसत नाही. चित्रं वाळवायला सुतळी बांधली, कपड्यांचे चिमटे लावले. पहिल्यांदा ती माझ्या उंचीला बांधली, आणि मग दिवसभर मीच चित्रं टांगत बसले. दुसऱ्या दिवशी दोन फूट खाली घेतली.

परीक्षा जवळ आली की पहिला बळी आमच्या तासाचा जातो, गणितवाले येऊन हक्काने घेऊन जातात. पालकही येतात, पण तिसरीतल्या पोराच्या आईला विचारायचं असतं ते दहावीच्या वाढीव गुणांचं: चित्रकलेची इंटरमिजिएट परीक्षा कधी देता येईल? मी सांगते, अजून वेळ आहे, आधी त्याला पाणी सांडू द्या.

एक मुलगा स्वतःहून कागदाला हातच लावायचा नाही. शेजाऱ्याचं बघून दोन डोंगर काढायचा, मध्ये सूर्य, आणि हात बांधून बसायचा. त्याला मी पाणीवाला केलं. बादलीतून डबे भरायचे आणि तास संपला की धुवायचं पाणी मोठ्या डब्यात ओतून बाहेर कण्हेरीला घालायचं. कुणी लवंडलं की हा ओरडायचा, "सांडलास की बे!" तीन-चार आठवड्यांनी तो डबा घेऊन माझ्यापुढे उभा राहिला. "बाई, आज चॉकलेटी झालंय. मागच्या वेळी राखाडी होतं." त्या दिवशी सगळ्यांनी टोमॅटो आणि मिरच्या रंगवल्या होत्या. लाल आणि हिरवा एकत्र आले की काय होतं, हे मी फळ्यावर दोनदा शिकवलं होतं. त्याला ते डब्यात सापडलं.

पुढे तो झाकणाच्या बाटल्या आणायला लागला. दर तासाचं थोडं पाणी बाटलीत भरून, वर वार लिहून, खिडकीत ठेवायचा. सोमवार, गुरुवार, परत सोमवार. तळाशी गाळ बसायचा, वर फिकट पाणी राहायचं. एका गुरुवारी त्याने पाव साईजचा कागद घेतला. रंगपेटी उघडलीच नाही, बाटल्या घेऊन कोपऱ्यात बसला. गाळाने भिंत केली, वरच्या पाण्याने आभाळ. भिंतीला दोरी, दोरीवर तीन टॉवेल, ते कोरे ठेवले, नुसता कागद. टॉवेलांखाली थेंब पडलेले होते.

चिमटा मात्र त्याने सुतळीच्या अगदी टोकाला लावला, पोत्यांच्या बाजूला. मी चित्र मधोमध आणायला गेले तर म्हणाला, "राहू द्या बाई. तिथं वारा येतो."