मागची बैठक

मोटारसायकलीच्या जाहिरातीतील चित्रात मागची बैठक बहुधा रिकामी असते. पुढे एक तरुण, समोर वळणावळणाचा घाट, आणि मागे कोणीही नाही. भारतीय संसारात मात्र ही बैठक क्वचितच रिकामी राहिली. मराठीने तिच्यासाठी ‘डबलसीट’ हा शब्द सायकलीच्या काळातच आपलासा केला, आणि त्या एका शब्दात पोलिसाच्या दंडाची धास्ती, नवपरिणीतांचा संकोच आणि आयती मिळालेली सोबत असे सारेच सामावले. पुढे बसणारा गाडी चालवतो आणि मागे बसणारी नुसती जाते, एवढाच या व्यवहाराचा सर्वमान्य अर्थ होता.

रायपूरच्या चौबे कॉलनीत राहणारे एक निवृत्त बँक अधिकारी वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी जुन्या घाटाची नवी मोटारसायकल घ्यायला निघाले, तेव्हा त्यांच्या मनातही हाच अर्थ वसत होता. घराणे मूळचे तात्यापाऱ्यातले. बिंबाजी भोसले १७५८ पासून रतनपुरास राहून छत्तीसगडचा कारभार पाहू लागले. त्या काळापासून नागपूरकडून इकडे येत राहिलेल्या अनेक मराठी कुटुंबांपैकी हे एक. घरात मराठी, दारात छत्तीसगढी, कचेरीत हिंदी अशी तीन भाषांची सहज वाटणी. मुले पुण्याला स्थायिक झालेली. दारात मोटार उभी होती, म्हणजे वाहनाची निकड नव्हती. हवी होती ती दुसरीच एक वस्तू, आणि ती कोणती हे त्यांच्या पत्नीने त्यांच्याआधीच ओळखले होते.

ती वस्तू म्हणजे १९७९ साली जुनी विकत घेतलेली येझदी. म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यातून १९६१ पासून जावा आणि १९७३ पासून येझदी या नावाने ही गाडी बाहेर पडत असे. १९९६ मध्ये तो कारखाना बंद झाला. सिलिंडर एक, पण सायलेन्सर दोन, दोन्ही अंगांना एकेक. ज्या तरफेने किक मारायची तीच फिरवून गिअर टाकायचा. १९८२ मध्ये लग्न झाले आणि या गाडीवरून दोघे राजीमला गेले, चंपारणला गेले, भिलाईच्या नातेवाइकांकडे तर दर रविवारी. जी. ई. रोडवरची संध्याकाळ, तेल मिसळलेल्या पेट्रोलचा वास, खांद्यावर ठेवलेला एक हात: गृहस्थांच्या स्मरणातले तारुण्य एवढ्या तपशिलावर उभे होते.

बाजारात गेले की या स्मरणाला आज भरपूर गिऱ्हाइकी आहे. रॉयल एन्फील्डची क्लासिक २००९ मध्ये आली, जावा हे नाव २०१८ मध्ये परतले, २०२० मध्ये होंडाची हायनेस, २०२२ मध्ये येझदी, २०२३ मध्ये नव्या इंजिनाची बुलेट. गोल दिवा, अश्रूच्या आकाराची टाकी, क्रोमची झळाळी. आत मात्र इंधनाचे इंजेक्शन आणि चाक न अडकू देणारे ब्रेक. आपल्या ऐतिहासिक कादंबऱ्यांचेही असेच असते. पोशाख शिवकालीन, विचार लेखकाच्या पिढीचे. यात फसवणूक आहे असे नव्हे. पण जुने रूप घडवताना ते नेहमी पुढच्या बैठकीवरून आठवले जाते, ही गोष्ट सहसा लक्षात येत नाही.

मागच्या बैठकीचा इतिहास निराळा आहे. १९४९ च्या बुलेटची मोठी नवलाई कोणती, तर मागच्या चाकाला दिलेली झुलती भुजा आणि स्प्रिंगा. तोवरच्या बहुतेक गाड्यांत मागचे चाक सांगाड्याला ताठ जखडलेले असे आणि रस्त्याचा प्रत्येक खड्डा मागे बसणाऱ्याच्या पाठीत शिरे. आपल्याकडे कायद्यानेही या बैठकीची दखल घेतली. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यातील १२३ वा नियम सांगतो की प्रत्येक मोटारसायकलीला कायमची हातपकड व पायठाण हवे, आणि मागे बसणाऱ्याचे कपडे चाकात अडकू नयेत म्हणून निम्म्याहून कमी नाही एवढे चाक झाकणारे आवरण हवे. लोक ज्याला साडीगार्ड म्हणतात ते हेच. नियमांच्या त्या रुक्ष पुस्तकात पदराची वाऱ्यावरची धडपड कोणाला तरी दिसली होती, एवढे खरे.

या घरातला प्रसंग त्या नियमाच्या दोन वर्षे आधीचा. १९८७ चा पावसाळा. राजीमच्या संगमावर स्नान करून दोघे परतत होते. एका बाजूला पाय सोडून त्या बसलेल्या, मांडीवर ओल्या कपड्यांची पिशवी. अभनपूरच्या अलीकडे छोट्या रेल्वेचे रूळ ओलांडताना गाडी उसळली आणि त्या खाली पडल्या. गृहस्थ बोलत बोलत पुढे गेले. उत्तर येत नाही हे ध्यानी यायला काही वेळ गेला. पुढे हा किस्सा नात्यात विनोद म्हणून फिरला. महाराष्ट्र मंडळाच्या हळदीकुंकवात त्यांनी स्वतःच तो हसत सांगितला. डावे खुब्याचे हाड मात्र थंडीत दुखू लागले, ते आजतागायत.

गृहस्थांनी जावा पसंत केली होती. त्या दोन सायलेन्सरांसाठी. पत्नीने दुकानात ती पाहिली, डाव्या घोट्यावरचा जुना भाजल्याचा डाग पदराने नकळत झाकला आणि म्हणाल्या, “नको.” मग मात्र निवडीची सूत्रे त्यांच्या हाती आली. वैद्यांनी एकांगी बसण्याची मनाई केली होती, तेव्हा चौसष्टाव्या वर्षी सलवार-कमीज घालून त्या प्रथमच दोन्हीकडे पाय टाकून बसल्या. प्रत्येक गाडीवर इंजिन चालू ठेवून पाच मिनिटे. ब्रेक लागला की बैठकीच्या उतारावरून आपण पुढे घसरतो का? गुडघे किती मुडपतात? यांना न धरता धरायला काय आहे? क्लासिकची मागची वेगळी गादी पाहून त्यांनी अभिप्राय दिला, “हा पाहुण्यांचा पाट आहे.” विक्रेता टॉर्क सांगत राहिला, त्यांनी वजन विचारले. हायनेस १८१ किलो, बुलेट १९५. आपण चढेपर्यंत ही गाडी तोलून धरायची आहे ती नवऱ्याच्या गुडघ्यांना, याचाही हिशेब त्यांच्याजवळ होता.

तरीही ठरली ती बुलेटच, तिच्या अखंड, सपाट, लांब बैठकीसाठी. पाठीला टेकू बसवून घेतला. ८०५ मिलिमीटर उंचीवर पाय टाकणे खुब्याला झेपेना, म्हणून गाडी ओट्याला समांतर लावायची आणि पायरीवरून बसायचे असे ठरले. परिणामी प्रवासातले थांबेही बदलले: चहा चांगला कुठे मिळतो यापेक्षा उंच पार कुठे आहे याला महत्त्व आले. दोघांचा भार पडतो म्हणून मागच्या स्प्रिंगांचा ताण पान्याने दोन टप्पे वाढवला. एकट्याने चालवताना ती बैठक आता कडक लागते अशी गृहस्थांची तक्रार आहे. ती कोणी मनावर घेत नाही.

दिवाळीनंतर दोघे प्रथम राजीमला निघाले, पंचेचाळीस किलोमीटर. छोट्या रेल्वेचे रूळ आता राहिलेले नाहीत. त्या बाजूने मोठा लोहमार्ग झाला आहे. तरी ओळखीच्या झाडांवरून गृहस्थांनी वेग कमी केला, एका पाराशी गाडी थांबवली आणि हेल्मेट काढून म्हणाले, “इथेच ना गं?”

त्या सावकाश उतरल्या. रस्त्याच्या मागच्या अंगाला पाहत राहिल्या.

“नाही. ही तुम्ही वळून पाहिलंत ती जागा. मी मागे पडले होते, त्या वळणाच्या पलीकडे.”

सदतीस वर्षे ते हीच जागा मनाशी धरून बसले होते. त्यांनी गाडीला कुलूप लावले आणि दोघे वळणाकडे चालू लागले. तेवढे अंतर चालायला त्यांना बराच वेळ लागला.