रबराने परत ढकललं पाहिजे

नागपूरच्या रामदासपेठेतल्या कुठल्याही गल्लीत मान वर केली की केबलच्या वेटोळ्यांमध्ये काळे प्लास्टिकचे डबे लटकलेले दिसतात. हे फायबरचे जॉइंट क्लोजर. शेजारच्या धंतोलीसारखीच इथेही दवाखान्यांची दाटी. एक डबा बिघडला की पॅथॉलॉजीचे रिपोर्ट, स्कॅनच्या प्रतिमा, विम्याचे कागद, सगळंच अडतं. या भागात उभं आयुष्य काढलेला एक जॉइंटर मात्र डबा उघडल्यावर काचेच्या तारांकडे आधी पाहतच नाही. केबल आत शिरते तिथलं रबरी ग्रोमेट तो काढतो आणि चिमटीत दाबतो. बोटांना उलट रेटा मिळाला पाहिजे.

या चिमटीचा त्याला फार अभिमान. टीपीआर म्हणजे वितळणारं रबर कोणतं आणि ईपीडीएम म्हणजे पक्कं रबर कोणतं, हे तो डोळे मिटून सांगायचा, आणि चार पोरं बघायला उभी असली तर जरा सावकाशच सांगायचा. आता अंगठ्याचा सांधा धरतो. रेटा ग्रोमेटचा कमी झाला की बोटाची जाण, हेच कळेनासं झालंय. त्याला हे दुखण्यापेक्षा जास्त लागतं.

तांब्याच्या जेली केबलच्या दिवसांत हा प्रश्न नव्हता. श्रिंक स्लीव्ह चढवायची, ब्लो लॅम्प फिरवायचा, कडेने वितळलेला डिंक डोकावला की जॉइंट पक्का. पुन्हा उघडायचा तर स्लीव्ह कापून फेकायची. फायबरचा डबा मात्र प्रत्येक नव्या जोडणीला उघडावा लागतो, म्हणून तो दाबून बंद होणाऱ्या रबरावर आला. त्यातही थर्मोप्लास्टिक इलॅस्टोमर, म्हणजे टीपीई, कारखान्याला सोयीचं: पक्क्या रबरासारखं साच्यात शिजवत बसावं लागत नाही, उरलेला माल पुन्हा वितळवता येतो, आणि एसईबीएस जातीचं असेल तर पॉलिप्रॉपिलीनच्या झाकणावर थेट चिकटून बसतं.

पण जे वितळतं ते उन्हात सरकतंही. एसबीएस किंवा एसईबीएसमध्ये लवचिक साखळ्यांना स्टायरीनच्या कडक गाठी धरून ठेवतात. या गाठी १०० अंशांच्या आसपास मऊ होतात. त्याच्या बऱ्याच खालीही, सतत दाब असेल तर, हळूहळू सुटून नव्या जागी बसतात. मग रबर दाबलेल्याच आकाराला आपला आकार मानतं आणि ढकलायचं सोडून देतं. नागपूरचा मे ४५ अंशांच्या पुढे जातो. काळ्या डब्याच्या आत त्याहून किती तरी जास्त तापतं. दोन-तीन उन्हाळ्यांत ग्रोमेट दिसायला नवं, हाताला मऊ, आणि कामातून गेलेलं. मऊपणा आणि रेटा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे तो जीव तोडून सांगतो. खरेदीवाले शोर ए काठिण्य बघतात आणि भाव बघतात.

शिवाय फायबरच्या केबलमधलीही जेली. तिच्या तेलाने एसईबीएस फुगतं, म्हणून आवरण पुसून कोरडं केल्याशिवाय तो ग्रोमेटला हात लावू देत नाही. गळका डबा पीव्हीसी टेपने गुंडाळून पुढे जाणाऱ्या टोळ्यांबद्दल त्याचं मत छापण्यासारखं नाही.

तांबं निदान तक्रार करायचं. पाणी शिरलं की लाईनवर खरखर, ग्राहकाचा फोन, धावाधाव. काच गप्प राहते. पाण्यातही उजेड जात राहतो. ताण पडलेल्या काचेतल्या सूक्ष्म चिरा तेवढ्या ओलाव्याने वाढत जातात. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे काही तासांत १०० मिलिमीटरहून जास्त पाऊस कोसळला, अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदी वस्त्यांमध्ये शिरली. त्यानंतर उघडलेल्या जमिनीखालच्या चेंबरमधल्या डब्यांत काही ठिकाणी पाणी होतं आणि लाईन मात्र सुरू होती. त्याला झोप लागू न देणारी गोष्ट हीच.

सध्या त्याच्या हाताखाली एक शिकाऊ मुलगी आहे. ती ग्रोमेट दाबत नाही, व्हर्नियर लावते. जितकं दाबलं होतं त्यातली किती जाडी परत आलीच नाही, त्याची टक्केवारी काढते. प्रयोगशाळेत ज्याला कॉम्प्रेशन सेट म्हणतात तेच. ‘काका, तुमचं बोट बरोबर असन, पण कागदावर काय लिहू?’ असं तिने विचारलं, तेव्हा तो चिडला होता. अजूनही आधी तो दाबतो, मग ती मोजते. दोघांचं जुळलं की त्याचा चेहरा खुलतो.

उपाय बाजारात आहे. मॉन्सँटोने १९८१ साली सँटोप्रीन आणलं. त्यामागे कोरान आणि रमण पटेल या संशोधकांचं काम होतं. त्यात पॉलिप्रॉपिलीनमध्ये विखुरलेले रबराचे कण आधीच पक्के केलेले असतात, त्यामुळे साच्यात वितळूनही ते उन्हात कमी बसतं. महाग पडतं, एवढंच. खरेदीच्या कागदावर नुसतं ‘टीपीई’ लिहिलं की सगळ्यात स्वस्त टीपीई येतं.

तेव्हा सोसायट्यांनी आणि दवाखान्यांनी नवी लाईन घेताना ठेकेदाराकडे एक आकडा लेखी मागावा: ७० अंशांवर, २२ तासांनंतर, कॉम्प्रेशन सेट किती? आणि मृग लागण्याआधी खालचं चेंबर एकदा उघडून बघायला लावावं.