मागची फळी नसलेला स्पीकर

स्पीकर म्हटला की खोका आलाच, असं आपण धरूनच चालतो. दुकानात गेलं की दुकानदार स्पीकर हातात देतो, "बघा, वजन बघा", आणि आपल्यालाही पटतं. जड खोका म्हणजे दमदार आवाज! मग कोणीतरी एक साधी फळी उभी करतं, तिला भोक पाडून त्यात स्पीकर बसवतं, मागे काहीच नाही, सगळं उघडं, आणि म्हणतं की हा खोक्यापेक्षा चांगला वाजतो. याला म्हणतात ओपन बॅफल. ऐकायला वेडेपणा वाटतो. पण गेले काही महिने वाणगावच्या घरी दोन्ही प्रकार शेजारी शेजारी ठेवून ऐकतोय, तेव्हा आज त्याबद्दल. थोडं फिजिक्स येईल, घाबरू नका :)

आधी खोका का लागतो ते बघू. स्पीकरचा कोन पुढे सरकला की पुढची हवा दाबली जाते आणि त्याच क्षणी मागची विरळ होते. म्हणजे पुढची लाट आणि मागची लाट बरोब्बर उलट्या. आता ५० हर्ट्झचा आवाज घेतला तर त्याची लाट जवळजवळ सात मीटर लांब. तिला सहा-आठ इंची स्पीकरला वळसा घालून पुढे येणं म्हणजे काहीच नाही. ती पुढे येते आणि पुढच्या लाटेला खाऊन टाकते. वरचे सूर लांबीला छोटे, हजार हर्ट्झला फक्त ३४ सेंटिमीटर, त्यांच्या बाबतीत हे इतकं सरळ घडत नाही. म्हणून नुसता स्पीकर वायरला जोडून हातात धरला तर तबला ऐकू येतो, डग्गा गायब!

यावर उपाय दोनच. एक, मागची लाट खोक्यात कोंडायची. दोन, फळी एवढी मोठी घ्यायची की वळसा लांब पडेल. राइस आणि केलॉग या जोडीने १९२५ मध्ये आजच्या स्पीकरचं मूळ रूप मांडलं, तेव्हा त्यांनाही या फळीचा विचार करावाच लागला होता. नंतरची बरीच वर्षं घरोघरी जे वाजत होतं तेही खरं म्हणजे उघडंच होतं. आजोबांच्या काळातला मर्फी, फिलिप्स किंवा बुशचा व्हॉल्व्हचा रेडिओ आठवा. पुढून लाकूड आणि कापड, मागे भोकं पाडलेला पातळ पुठ्ठा. व्हॉल्व्ह तापायचे, हवा लागायचीच. म्हणजे आपल्या आधीच्या पिढीने विविध भारती ऐकली ती ओपन बॅफलवरच, फक्त तसं नाव कोणी घेतलं नाही.

मग खोका जिंकला कसा? १९५४ मध्ये अमेरिकेत एडगर व्हिल्चर याने एआर-१ नावाचा बंद खोक्याचा स्पीकर आणला. आत कोंडलेली हवाच स्प्रिंगचं काम करते, त्यामुळे छोट्या खोक्यातून खोल बेस. पुढे थील आणि स्मॉल या दोघांनी भोकवाल्या खोक्याचं, म्हणजे बेस रिफ्लेक्सचं, गणितही पक्कं बसवून दिलं. फुकट मात्र काही नाही. हॉफमनचा नियम सांगतो की छोटा खोका, खोल बेस आणि कमी वॉटमध्ये मोठा आवाज, यातल्या दोनच गोष्टी मिळतील. आमच्या धंद्यात "स्वस्त, लवकर, चांगलं, यातले कोणतेही दोन" असं क्लायंटला सांगतात ना, तसंच.

आता घरची गोष्ट. बाबांना नाट्यसंगीत आणि कीर्तन ऐकायचं वेड. बैठकीची खोली बारा बाय चौदा फूट, खाली लाद्या, भिंती उघड्या. वर्षभरापासून बाबांनी ऐकणं जवळपास सोडलं होतं. "शब्दच कळत नाहीत रे, नुसतं घुमतंय." मग ते आवाज वाढवणार, आई शेजाऱ्यांसाठी खिडकी लावणार, खिडकी लावली की आणखी घुमणार. शेवटी बटण बंद आणि बाबा गप्प ओट्यावर. कान तपासले तेव्हा वयाप्रमाणे वरच्या फ्रिक्वेन्सी कमी झालेल्या निघाल्या. स, श, त, क ही व्यंजनं ओळखायला नेमका तोच भाग लागतो. शिवाय खालचा जोरदार आवाज वरच्या बारीक आवाजाला झाकून टाकतो. आमच्या खोलीच्या मापांचं गणित केलं तर चाळीस ते शंभर हर्ट्झमध्ये खोली स्वतःच तीन-चार ठिकाणी घुमते. त्यात कोपऱ्यात ठेवलेले बेसवाले खोके!

इथे मला तारपा आठवला. आमच्या डहाणू तालुक्यात तारपा माहीत नाही असा माणूस सापडणार नाही. जिव्या सोमा मशे यांच्या वारली चित्रांमधून तर तो जगभर गेला. तारप्याला दुधी भोपळा असतो, वादक त्यात फुंकतो आणि हवा तिथून नळ्यांत जाते. तंबोऱ्यालाही भोपळा, मिरजेचे कारागीर त्यासाठी भोपळे पारखून घेतात. वाद्याचा भोपळा हा वाद्याचा भागच आहे, त्याने आपला रंग घालायलाच हवा. स्पीकरचं तसं नाही. तंबोऱ्याचा भोपळा रेकॉर्डिंगमध्ये आधीच आलेला आहे. त्यावर स्पीकरच्या खोक्याने आपला दुसरा भोपळा वाजवायचं कारण नाही. चांगल्या खोक्याला आतून आडव्या पट्ट्या, कापूस, जाड भिंती लागतात त्या खोक्याने गप्प बसावं म्हणूनच. स्वस्त खोका गप्प बसत नाही. उघड्या फळीत तो प्रश्नच निघून जातो.

दुसरा फायदा खोलीचा. खालचे सूर खोक्यातून चहूबाजूंना पसरतात. उघडा स्पीकर पुढे आणि मागे वाजतो, बाजूला जवळजवळ नाहीच, इंग्रजी आठच्या आकड्यासारखा. समोर तेवढाच आवाज ठेवून तो खोलीत एकूण एक तृतीयांशच ऊर्जा सोडतो. बाजूच्या भिंती कमी बोलतात, खोली कमी घुमते. झीगफ्रीड लिंक्विट्झ हा ह्यूलेट-पॅकार्डमधला इंजिनिअर (क्रॉसओव्हरवाला लिंक्विट्झ-रायली, तोच) २०१८ मध्ये गेला. उघडे स्पीकर सुधारण्यात त्याने कित्येक वर्षं घालवली ती याच कारणासाठी.

आता तोटा, तोही आकड्यात. साठ सेंटिमीटर रुंद फळी, मधोमध स्पीकर. मागच्या लाटेला कडेपर्यंत तीस सेंटिमीटर. साधारण १९० हर्ट्झच्या खाली आवाज उतरायला लागतो, पुढे दर सप्तकाला सहा डेसिबल. काळी चारला गाणाऱ्या बाईंचा मध्य षड्ज २०८ हर्ट्झ, तो वाचला. काळी एकला गाणाऱ्या बुवांचा १३९, तो थोडा उतरला. त्यांच्या तंबोऱ्याचा खर्ज ६९, तो आठ-नऊ डेसिबलने खाली! तेवढं भरून काढायचं तर अँप्लिफायरची ताकद सातपट हवी आणि कोनही तेवढा जास्त पळायला हवा. म्हणून ओपन बॅफलला मोठे, बारा-पंधरा इंची स्पीकर लावतात.

लॅमिंग्टन रोडवरून बारा इंची स्पीकरची जोडी आणली, कापडी कडेचे. फोमची कड आमच्या खाऱ्या दमट हवेत काही वर्षांत भुगा होते. फळी मरीन प्लायची, कारण एमडीएफ पावसाळ्यात फुगतं. गावातल्या मेस्त्रींनी फळ्या कापल्या, बाजूला दुमडायच्या पट्ट्या लावल्या (वळसा वाढतो), आणि शेवटी विचारलं, "भाऊ, मागची फळी राहिली ना?"

"नाही मेस्त्री, मागे उघडंच ठेवायचंय."

"मग पाल बसेल आत."

बसली, खरंच. पण तिच्याने आवाजात काही फरक पडत नाही. आधीच्या खोक्याच्या भोकात कुंभारीण माशीने घर केलं होतं, ते जास्त वाईट :)

फळ्या भिंतीपासून एक मीटर पुढे ठेवल्या. मागची लाट भिंतीवर आपटून सहाएक मिलिसेकंद उशिरा येते, तेवढा उशीर मिळाला की कानाला ती वेगळी काढता येते. भिंतीला टेकवलं की सगळा गिचका. बाबांनी पहिलं पद पूर्ण ऐकलं, आवाज नेहमीपेक्षा कमी ठेवून. म्हणाले, "अरे, काय म्हणतायत ते कळतंय. पण डग्गा कुठे गेला?"

प्रश्न एकदम बरोबर! म्हणून आता साधारण शंभर हर्ट्झच्या खालचं काम एका छोट्या बंद खोक्याकडे दिलंय, हळू आवाजात आणि कोपऱ्यापासून लांब. गाणारा उघड्यावर, डग्गा खोक्यात.

हे कोणासाठी? पुण्यातल्या माझ्या फ्लॅटवर मी खोकेच ठेवलेत. तिथे एक मीटर जागा सोडली तर पलंग बाहेर काढावा लागेल. जागा कमी असेल, स्पीकर कपाटावर जाणार असेल किंवा सिनेमाचे धमाके हवे असतील तर चांगला बंद खोका घ्या, बिनधास्त. खोली रिकामी आणि घुमणारी असेल, स्पीकर पुढे ओढायची घरच्यांची परवानगी असेल आणि ऐकणं मुख्यतः गाण्याचं असेल, तर एकदा फळी करून बघा. प्लाय आणि मेस्त्रींच्या एका दिवसाच्या मजुरीत कळून जातं.

आणि एक. स्पीकर बदलल्याने कान बदलत नाहीत. डॉक्टरांनी सांगितलेलं कानाचं मशीन बाबांना लागणारच आहे, ते "बघू" म्हणतायत. आधी "मला काय झालंय?" म्हणत होते. रविवारी दुपारी पुन्हा गाणं लागतं, आई खिडकी उघडी ठेवते. मशीनची तारीख पुढच्या महिन्यातली घेतली आहे, त्या दिवशी मी रजा टाकणार आहे.