सायकलस्वाराचा हिवाळा

आमच्या खानापूर तालुक्यात सायकलस्वाराची वाट पावसाळा अडवितो. येथे नॉर्वेत ती हिवाळा अडवितो. गावाकडे मृगाच्या सरी कोसळू लागल्या की कच्च्या रस्त्यांचा राडा होतो, चाकांत चिखल रुततो आणि सायकल ओटीवर भिंतीला टेकून उभी राहते. ओस्लो शहरी आम्ही नोकरीनिमित्त राहतो त्यास आता अकरा वर्षे होत आली. येथे नोव्हेंबर सरता सरता रस्त्यावरचे पाणी गोठून त्याची काच होते. डिसेंबरात सूर्य सकाळी नऊ वाजून गेल्यावर उगवतो व दुपारी सव्वातीनच्या आत मावळतो. टायरांना बारीक पोलादी खिळे बसवून काही लोक कामावर जातात, आम्हीही जातो. परंतु ज्या पाच पाच तासांच्या फेऱ्यांनी सायकलस्वाराची छाती व पाय घडतात, त्या फेऱ्या त्या दिवसांत अशक्यप्राय होतात.

सायकलचा आमचा नाद जुना. लहानपणी शाळा घरापासून नऊ किलोमीटरांवर होती, आणि वडिलांच्या जड सायकलच्या नळीखालून तिरका पाय घालून आम्ही ती वाट तुडविली. पुढे शहरात गेलो, परदेशी आलो, तरी रविवारची लांब फेरी सुटली नाही. म्हणून ओस्लोतील पहिले चार हिवाळे आम्ही इमारतीच्या तळघरात, एका जागी खिळविलेल्या सायकलवर काढले. समोर चुन्याची भिंत, खाली घामाचे थारोळे, आणि चाक फिरते पण वाट सरत नाही. घरची मंडळी याला हसत. एकदा मात्र सौभाग्यवती न हसता म्हणाली, “अहो, उन्हाळ्यात तुम्ही रस्त्यावर असता आणि हिवाळ्यात तळघरात. या पोरीला तुम्ही भेटणार तरी कधी?” त्या वाक्याला उत्तर नव्हते.

पाचव्या वर्षी एक निराळेच संकट उभे राहिले. जिन्याच्या पायरीवरील बर्फावरून पाय घसरला आणि मनगटाचे हाड मोडले. एवढ्याशा पडण्याने हाड मोडावे याचे डॉक्टरांना नवल वाटले, आणि त्यांनी आमच्या हाडांची घनता मोजविली. आमचे वय तेव्हा त्रेचाळीस. कमरेच्या मणक्यांतील हाड वयाच्या मानाने विरळ झाल्याचे निघाले. घाट चढताना ज्याला कधी धाप लागत नाही, ज्याच्या मांड्या लाकडासारख्या टणक, त्याची हाडे आतून पोकळ होत चालली आहेत, हे ऐकून आम्ही सुन्न झालो.

डॉक्टर शांतपणे समजावू लागले. हाड हे दगडासारखे मृत नव्हे. ते रोज झिजते व रोज बांधले जाते, आणि ज्या हाडावर भार पडतो तेच अधिक बांधले जाते. चालताना, उडी मारताना, डोक्यावर ओझे वाहताना पाठकण्यावर भार पडतो. सायकलवर मात्र शरीराचे वजन सीट पेलते. हृदय घोड्यासारखे दौडत असते, आणि मणके मात्र आरामखुर्चीत बसलेले असतात. वर्षानुवर्षे रस्त्यावरच्या शर्यती करणाऱ्या सायकलपटूंच्या कमरेची हाडे अशी विरळ झालेली अनेकदा आढळतात, असे त्यांनी सांगितले. हे असेच चालले तर पुढच्या वेळी मनगट नव्हे, खुबा किंवा मणका मोडेल, आणि मग सायकल कायमची बंद करावी लागेल. वजने उचला, उड्या मारा, धावा, असा त्यांचा सल्ला होता. धावणे आमच्या गुडघ्यांस सोसत नाही असे सांगताच त्यांनी खिडकीबाहेरच्या बर्फाकडे बोट केले. हाडांसाठी वजने उचलणे अधिक गुणकारी, हेही त्यांनी लपविले नाही. कारण स्कीवर माणूस घसरत जातो, त्यात धक्का थोडा. पण निदान तुम्ही उभे राहाल, पाठ व खांदे कामाला लागतील, आणि सहा महिने भिंतीकडे पाहत बसणे संपेल, असे ते म्हणाले.

नॉर्वेतील लोक पायांत स्की घालूनच जन्मतात, अशी तेथे म्हणच आहे. आमच्या शेजारच्या बाहत्तर वर्षांच्या बाईंना पाहून ती खरी वाटते. या देशात लहानथोर सारे एकमेकांस नावानेच हाक मारतात. परंतु आजीच्या वयाच्या बाईंना नुसत्या नावाने हाक मारणे आमच्या जिभेला जमेना, म्हणून आमच्या घरी त्या ‘आजीबाई’ झाल्या. मनगट जुळून आल्यावर त्यांनीच आम्हां तिघांस भूमिगत रेल्वेच्या पहिल्या क्रमांकाच्या मार्गाने टेकडीवरील शेवटच्या स्थानकावर, फ्रोग्नरसेतेरेनला नेले. गाडीच्या डब्यात निम्म्या लोकांच्या हाती स्की असतात हे दृश्य नवख्यास मोठे मौजेचे वाटते. स्थानकाच्या पलीकडे नॉर्दमार्काचे अरण्य पसरले आहे. १८८३ साली स्थापन झालेली एक स्की-संस्था तेथील वाटांवर यंत्राने दोन समांतर खाचा पाडून ठेवते, आणि त्या वाटांनी कोणीही मुक्तपणे जावे.

स्की म्हणजे काय, हे ज्यांनी पाहिले नाही त्यांच्यासाठी थोडे सांगितले पाहिजे. ती माणसाच्या उंचीहून लांब, चार बोटांहून अरुंद अशी पट्टी असते. डोंगरउतारावरून वेगाने घसरण्याच्या स्कीत संपूर्ण बूट जखडलेला असतो. सपाटीवरच्या या स्कीत फक्त चवडा अडकविलेला असतो आणि टाच मोकळी राहते. खरी खुबी तिच्या बाकात आहे. पट्टी मध्यभागी कमानीसारखी वर उचललेली असते. एका पायावर सारे वजन टाकले की कमान दबते आणि तिच्या पोटाचे मेण बर्फाला धरते. माणूस तेथून पुढे रेटा घेतो. वजन दोन्ही पायांवर वाटले की कमान पुन्हा उचलली जाते आणि पट्टी दोन टोकांवर घसरत जाते. हे मेणही थंडी पाहून निवडावयाचे: कडक थंडीत हिरवे, जरा कमी थंडीत निळे, बर्फ वितळण्याच्या सुमारास जांभळे किंवा तांबडे. आजीबाई दाराबाहेरचा थर्मामीटर पाहून मेणाची डबी उचलतात, जशी आमची आई आभाळ पाहून वाळवण उचलीत असे.

पहिल्या दिवशी शंभर पावले गेलो असू नसू, तोच छातीचा भाता झाला. सायकलवर काम करतात ते मुख्यतः पाय; येथे पाय, नितंब, पोट, पाठ, खांदे, दंड सारे एकदम रक्त मागतात, आणि ते पुरविताना हृदयाची धांदल उडते. दोन्ही काठ्या एकदम रोवून कमरेतून वाकून स्वतःला पुढे ओढण्याची जी पद्धत आहे, ती पाहून आम्हांस गोव्याच्या खाडीत वेळूच्या काठीने होडी रेटणारे लोक आठवले. बळ दंडाचे दिसते, पण ते येते पोटातून. आमची सात वर्षांची लेक तासाभरात पुढे निघून गेली आणि वळून ओरडली, “पप्पा, गुडघे वाकवा ना!” सौभाग्यवती आम्हांपेक्षा कमी वेळा पडली, हेही येथे नमूद करणे प्राप्त आहे, ती शेजारी बसून हे वाचीत आहे.

सायकलस्वारास यातून काय मिळते? पहिली गोष्ट म्हणजे श्वास. शरीर मिनिटास किती प्राणवायू वापरू शकते याचे मोजमाप प्रयोगशाळेत करतात. धडधाकट तरुणाचा आकडा वजनाच्या दर किलोस चाळीस-पंचेचाळीस मिलिलिटरांच्या आसपास येतो. नॉर्वेचे प्रख्यात स्कीपटू ब्यर्न डेली यांचा आकडा ९६ सांगितला जातो. त्याहून वरचा, ९७.५ हा आकडा २०१२ साली नोंदविला गेला तो ओस्कार स्वेन्सेन या नॉर्वेच्याच तरुण सायकलपटूचा. त्याच वर्षी त्यांनी कुमारांची वैयक्तिक वेळ-शर्यतीची विश्वस्पर्धा जिंकली, आणि दोन वर्षांनी सायकल सोडून ते विद्याभ्यासाकडे वळले. इतका श्वास लाभूनही माणूस शर्यतीस बांधलेला नसतो, याचे आम्हांस अजून कौतुक वाटते.

दुसरी गोष्ट म्हणजे बाजूचे बळ. सायकलवर गुडघा वरखाली एकाच रेषेत हजारो वेळा फिरतो. कुल्ल्याच्या बाहेरील अंगाचे स्नायू त्यात जवळजवळ निजून असतात. खाचांबाहेर, बर्फावर चालण्याच्या बुटांनी सरकावे तसे तिरके रेटे देत जाण्याची दुसरी एक पद्धत आहे. अमेरिकेच्या बिल कॉक यांनी १९८२ साली तिच्या बळावर विश्वचषक मिळविला, तेव्हापासून ती जगभर पसरली. तिच्यात हे निजलेले स्नायू खडबडून जागे होतात. आमची घाटातील जुनी कंबरदुखी दुसऱ्या हिवाळ्यानंतर गेली, ती यामुळेच असे आमचे मत आहे.

या दोन खेळांची सोयरीक नॉर्वेत व स्वीडनमध्ये जुनीच मानतात. इ. स. १२०६ मध्ये यादवी युद्ध चालू असता, पायांना भूर्जाची साल गुंडाळणाऱ्या ‘बिर्केबाइनर’ पक्षाच्या दोन योद्ध्यांनी दोन वर्षांच्याही आतल्या राजपुत्र होकोनला स्कीवरून डोंगरापलीकडे सुरक्षित नेले. तो पुढे १२१७ साली राजा झाला. त्या स्मरणार्थ १९३२ पासून रेना ते लिलेहामर अशी ५४ किलोमीटरांची स्की-शर्यत होते, आणि प्रत्येकाने पाठीवर साडेतीन किलोंचे ओझे घ्यावयाचे असते. ते त्या बाळाचे वजन. १९९३ साली याच दोन गावांमधून डोंगरी सायकलींची शर्यत सुरू झाली, व तिच्यातही तेच ओझे ठेवले गेले. स्वीडनमध्ये तर वर्षाच्या आत ९० किलोमीटर स्की, व्हेटर्न सरोवराभोवती तीनशेहून अधिक किलोमीटर सायकल, तीन किलोमीटर पोहणे व तीस किलोमीटर धावणे पुरे करणाऱ्यास मानाचे प्रमाणपत्र मिळते. उलट दिशेनेही वाट आहे. १९८६ साली ‘टूर द फ्रान्स’ जिंकणारे पहिले अमेरिकन ग्रेग लमाँड यांनी मुलपणी सायकल हाती घेतली ती स्कीसाठी पाय तयार राहावेत म्हणून.

गावाहून आमचा पुतण्या, जो तालुक्याच्या सायकल शर्यतींत उतरतो, तो विचारतो की बर्फ नसलेल्या मुलखात याचा काय उपयोग. बर्फाचा नाही, पण पावसाळ्यात सायकल उभी असते तेव्हा ओझे घेऊन डोंगर चढावा, लावणीच्या चिखलात दिवसभर राबावे, तेही उभ्याने केलेले कामच आहे, असे आम्ही त्यास कळविले. लावणीचा सल्ला त्याला फारसा रुचला नाही.

स्कीच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. नवख्यास हळू जाता येत नाही. लहानशा चढावरही नाडी शर्यतीसारखी धावते, आणि हिवाळा तर सावकाश व दीर्घ श्रमांचा काळ. म्हणून पहिली दोन वर्षे आम्ही प्रत्येक चढ निमूट चालत चढलो. कडाक्याची कोरडी हवा श्वासनलिकांस बाधते. स्कीपटूंत दम्याचे प्रमाण अधिक आढळते, आणि उणे वीस अंशांखाली आंतरराष्ट्रीय शर्यती भरवीत नाहीत. आम्ही उणे बारानंतर तोंडावर पातळ लोकरी पट्टी बांधतो व उणे पंधरानंतर घरी राहतो. आणि एप्रिलात रस्ते मोकळे होऊन सायकल बाहेर काढली, तेव्हा छाती भक्कम होती पण मांड्या परक्याच्या वाटत होत्या; पायडलची लय यावयास दोन-तीन आठवडे गेले. तेव्हापासून हिवाळ्यातही आठवड्यातून दोनदा, प्रत्येकी तासभर, तळघरातील सायकलवर आम्ही बसतो. त्याहून अधिक नाही.

रविवारी मात्र आता तिघेही जातो. सोबत पोळीभाजीचा डबा, थर्मासमध्ये चहा, आणि आजीबाईंकडून शिकल्याप्रमाणे दोन संत्री. वाटेत लाकडाच्या ओंडक्यावर बसून ती सोलावयाची. लेक आता चौदाव्या वर्षात आहे, आणि त्या ओंडक्यावर ती जे बोलते ते घरी बोलत नाही.

दोन वर्षांनी हाडे पुन्हा मोजली. वाढली नव्हती, पण घटलीही नव्हती. हा गुण आठवड्यातून दोनदा उचललेल्या वजनांचा की स्कीचा, असे विचारले तेव्हा डॉक्टरांनी खांदे उडविले. एका माणसावरून ते सांगता येत नाही, असे म्हणाले. सायकल चालू ठेवण्यास त्यांनी संमती दिली. आजीबाईंना मात्र शंका नाही. त्यांच्या मते श्रेय आहे कॉड माशाच्या यकृताच्या तेलाचे. सूर्य न दिसणाऱ्या महिन्यांत, म्हणजे ज्यांच्या नावात ‘र’ येतो त्या सप्टेंबरपासूनच्या महिन्यांत, ते रोज चमचाभर घेण्याची येथील जुनी रीत आहे. सप्टेंबरच्या पहिल्या तारखेस त्या बाटली घेऊन स्वतः वर येतात, आणि त्या दिवशी आमच्या लेकीला नेमके कोठेतरी बाहेर जावयाचे असते.