साडेतीनशे टन

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने आमच्याकडे इतिहासावरचा लेख मागितला होता. इतिहास घेऊनच आम्ही एम.ए. झालो आणि आयुष्यभर तोच शिकवला. तेव्हा मागणी रास्तच होती. पण यंदा विमानाच्या उड्डाणाविषयी लिहावे असे मनाने घेतले. आपल्याच वसतिगृहात सात वर्षे राहून गेलेला एक विद्यार्थी आज लांब पल्ल्याच्या विमानावर सहवैमानिक आहे. नाव छापू नये असे त्याने बजावले आहे, म्हणून छापत नाही. गेल्या पावसाळ्यात त्याने नववी-दहावीच्या मुलांना कॉकपिटमधून टिपलेल्या चित्रफिती दाखवल्या आणि फळ्यावर एक लांब रेघ ओढून धावपट्टी समजावून सांगितली. मागच्या बाकावर बसून आम्ही ऐकले, पुढे काही स्वतः शोधून वाचले, आणि त्यातून जे हाती लागले ते येथे मांडत आहोत.

मुंबईहून न्यूयॉर्कला थेट जाणारे विमान पंधरा-सोळा तास हवेत असते. (१९१३ साली बाबासाहेब न्यूयॉर्कला गेले ते बोटीने, आणि त्या प्रवासात त्यांचे कित्येक आठवडे गेले.) बोइंग ७७७-३००ईआर हे अशा पल्ल्याचे एक विमान. त्याला इंजिने दोनच. उड्डाणाच्या वेळचे त्याचे कमाल वजन सुमारे साडेतीनशे टन. टाक्या काठोकाठ भरल्या तर १,८१,००० लिटरांहून अधिक इंधन मावते आणि त्याचे वजन साधारण १४५ टन भरते. म्हणजे पाच हिश्श्यांतले दोन हिस्से ही निव्वळ वाटेची शिदोरी! माणसे आणि त्यांच्या पेट्या तिच्यापुढे किरकोळ. शिवाय ही शिदोरी वाहून नेण्यासाठीच तिच्यातला काही भाग जळतो.

आम्हांला सर्वांत नवल वाटले ते पुढच्या गोष्टीचे. एवढे भरलेले विमान उठू शकते, पण लगेच उतरू शकत नाही. उतरतानाचे त्याचे कमाल वजन सुमारे २५१ टन ठरलेले आहे. उठते ते त्याहून शंभर टनांनी जड. उठल्याबरोबर काही बिघडून परतावे लागले, तर समुद्रावर घिरट्या घालत टाक्यांतले इंधन हवेत सोडून द्यावे लागते. आगीसारखा प्रसंग असेल तर तेवढा वेळ नसतो. तेव्हा जड विमानच उतरवतात आणि मग त्याची कसून तपासणी करतात.

मुंबईची मोठी धावपट्टी साधारण साडेतीन किलोमीटर लांबीची आहे. तिच्या पूर्व टोकाला कुर्ला-जरीमरीच्या दाट वस्त्या, पश्चिमेला जुहूचा समुद्र. वाचकांपैकी अनेकांचे नातलग त्या वस्त्यांत राहतात. घरावरून जाणाऱ्या विमानाने भांडी थरथरतात, हे त्यांना सांगायला नको. तीच घटना आता आतून पाहू.

इंजिने आधी थोडी वाढवून दोन्ही सारखी चालतात याची खात्री करतात, मग पूर्ण जोर देतात. एरवी वजन कमी असले की पूर्ण जोर लावतच नाहीत. हवा आहे त्याहून गरम आहे असे संगणकाला सांगतात आणि तो बेताचाच जोर देतो. इंजिनाचे आयुष्य त्याने वाढते. साडेतीनशे टनांच्या रात्री मात्र ही काटकसर परवडत नाही. सुरुवातीला विमान चढावरच्या बैलगाडीसारखे जड पावलाने निघते. चित्रफीत पाहताना आमच्या शेजारचे गणिताचे शिक्षक पुटपुटले, ‘हे काही उठत नाही!’ वेग ताशी दीडशे किलोमीटरांच्या घरात गेला की एक वैमानिक ‘एटी नॉट्स’ असे पुकारतो आणि दुसरा आपल्या काट्याशी ताडून ‘चेक’ म्हणतो. तोपर्यंत लहानसहान कारणानेही थांबता येते. त्यानंतर थांबायचे ते आग, इंजिन बंद पडणे अशा मोठ्याच कारणासाठी.

या साऱ्या वेळी कॅप्टनचा हात इंजिनांच्या लिव्हरवर असतो. बहुतेक ठिकाणी विमान सहवैमानिक उडवत असला तरी तो हात कॅप्टनचाच. कारण थांबायचे की नाही हे ठरवणे त्याच्याकडे. मग ‘व्ही-वन’ असा पुकारा होतो आणि तो हात उचलला जातो. व्ही-वन म्हणजे निर्णयाचा वेग. त्याच्या आत काही बिघडले तर उरलेल्या धावपट्टीत थांबता येते. तो ओलांडल्यावर जागा पुरत नाही, म्हणून एक इंजिन गेले तरी उडायचेच. दोन इंजिनांच्या विमानाने एकावर भागवून, चाके आत घेतल्यावर, शंभर मीटर पुढे जाताना निदान २.४ मीटर वर गेले पाहिजे असा नियम आहे. हा वेग दरवेळी नव्याने काढतात. पावसाने पट्टी ओली असेल तर तो कमी धरावा लागतो, कारण ओल्यावर थांबायला जागा जास्त लागते.

त्या दिवशी त्या विद्यार्थ्याची आईही आली होती. आयुष्यभर दुसऱ्यांच्या शेतात राबलेली बाई. तिने मध्येच विचारले, “मग हात काढल्यावर इंजिनाकडं कोण बघतं रे?” तो म्हणाला, “आई, तो हात मोकळा राहत नाही. विमान कॅप्टन उडवत असले तर तो सुकाणूवर येतो.”

मोठ्या धावपट्टीच्या मध्यरेषेवर पांढरे दिवे असतात. शेवटच्या नऊशे मीटरांत त्यांच्यात एकाआड एक तांबडे येऊ लागतात आणि शेवटच्या तीनशे मीटरांत सारेच तांबडे. हलके विमान पांढऱ्या दिव्यांतच उठून जाते. भरलेल्या विमानाच्या वैमानिकाला तांबडे दिवे अंगावर येताना दिसतात आणि तरीही घाई करता येत नाही. विमान जवळजवळ ७४ मीटर लांब. नाक झटक्याने उचलले तर शेपूट जमिनीला घासेल. म्हणून ‘रोटेट’ ऐकल्यावर सुकाणू सावकाश ओढायचे, सेकंदाला दोन-तीन अंश, त्याहून अधिक नाही. वेग तेव्हा ताशी तीनशे किलोमीटरांच्या वर असतो. मग चाकांची घरघर थांबते, ‘पॉझिटिव्ह रेट’, ‘गिअर अप’, आणि खाली काळा समुद्र.

हे सगळे आकडे एका आकड्यावर उभे असतात: वजन. विमानाला दरवेळी काट्यावर घालत नाहीत. वजन कागदावर बेरीज करून येते. २००३ च्या मार्चमध्ये ऑकलंडला एका ७४७-४०० विमानासाठी ३४७.४ ऐवजी २४७.४ टनांवरून वेग काढले गेले आणि शेपूट धावपट्टीवर घासले. २० मार्च २००९ रोजी मेलबर्नहून दुबईला निघालेल्या ए-३४०-५०० च्या बाबतीत ३६२.९ ऐवजी २६२.९ भरले गेले. शेपूट घासले, कॅप्टनने ऐनवेळी पूर्ण जोर मागितला, आणि धावपट्टी संपल्यावर पलीकडचे अँटेना मोडून विमान कसेबसे वर गेले. आतले २७५ जण वाचले. ऑक्टोबर २००४ मध्ये हॅलिफॅक्सला मात्र मालवाहू ७४७ चे सातही कर्मचारी गेले. तेथे आधीच्या, हलक्या फेरीचे वजन हिशेबात राहून गेले होते. एकेक अंक चुकला, पण तो शंभर टन भार काही विमानातून उतरला नव्हता. धावपट्टीने तो मोजलाच. आता दोन्ही वैमानिक हे आकडे स्वतंत्रपणे काढून एकमेकांशी ताडून पाहतात.

आमच्या काही शहरी मित्रांचे म्हणणे असते की मुलांना घरच्या अडचणींची आठवण करून देऊ नये. आकाश मोकळे आहे एवढेच सांगावे. आम्हांला हे पटत नाही. काही वर्षांपूर्वी दहावीच्या परीक्षेला सहा आठवडे उरले असताना एका मुलीचे वडील वारले. चुलते तिला न्यायला आले. तिला ‘सगळे विसर आणि अभ्यास कर’ असे आम्ही म्हटले नाही. चुलत्यांना कार्यालयात बसवले, कागद घेतला आणि एकेक ओझे लिहून काढले: सावकाराचे किती, गुरे कोण पाहणार, धाकट्याला कोण सांभाळणार. धाकट्याला आम्ही त्याच आठवड्यात वसतिगृहात घेतले. गुरांचे चुलत्यांनी स्वतःहून अंगावर घेतले. सावकाराचे मात्र तसेच राहिले. ते कागदावर तसेच लिहिले आणि तिलाही सांगितले. ती परीक्षेला बसली. आज ती परिचारिका आहे आणि ते कर्ज तिने गेल्या वर्षी फेडले.

उड्डाणानंतरचीही एक गोष्ट सांगायची राहते. भरलेले विमान एकदम चाळीस हजार फुटांवर जाऊ शकत नाही. तेवढ्या विरळ हवेत ते वजन पेलत नाही. सुरुवातीचे काही तास ते तीस हजार फुटांच्या आसपासच राहते. इंधन जळून हलके होईल तसतशी वैमानिक वर जाण्याची परवानगी मागतात आणि विमान टप्प्याटप्प्याने, बहुधा दोन-दोन हजार फुटांनी, वर सरकते. न्यूयॉर्क जवळ येईपर्यंत शंभराहून अधिक टन जळून गेलेले असतात. आता त्याला उतरता येते.